गाडी सुरू केली की पुस्तकपेटी बंद: फिरत्या डिजिटल वाचनालयाचं परत परत येणारं दुखणं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना आत वळलेल्या काही वाड्यांत फोनला रेंज येत नाही. तिथं आम्ही एक फिरतं वाचनालय नेतो. जुनी पेट्रोल व्हॅन, मागच्या बाकाखाली पत्र्याची पेटी. पेटीत रास्पबेरी पाय ४ हा तळहातावर मावणारा संगणक (पुढं त्याला नुसतं ‘पाय’ म्हणतो), एक वायफाय राउटर आणि पुस्तकं भरलेली एसएसडी. शाळेच्या पटांगणात झाडाखाली गाडी लावायची, पोरांनी घरातला एखादा फोन आणायचा, ‘पुस्तकपेटी’ नावाच्या वायफायला जोडायचा आणि इंटरनेट नसताना वाचत बसायचं. किविक्सवर (इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर) मराठी आणि कन्नड विकिपीडिया, कर्नाटकाच्या मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकं (आमच्या पोरांना बालभारतीची चालत नाहीत, अभ्यासक्रम वेगळा), आणि ज्यांचे लेखक जाऊन ६० वर्षं उलटली आहेत अशी, म्हणजे कायद्यानं मोकळी झालेली जुनी पुस्तकं.

पेटी चालते तेव्हा फार छान चालते. पण वर्षभर एकच तक्रार सारखी कानावर पडायची: “गुरुजी, पान उघडत नाही.” मी पेटी बंद करायचो, चालू करायचो. कधी लागायची, कधी नाही. पुढच्या वाडीत पुन्हा तेच. चौथीतली एक मुलगी दोन आठवडे लागोपाठ एकाच धड्यापर्यंत येऊन थांबली, तिसऱ्या आठवड्यात ती आलीच नाही. त्या दिवशी ठरवलं की आता बंद-चालू करत बसायचं नाही, मुळाशी जायचं.

मुळाशी गेल्यावर कळलं की दुखणं एक नव्हतंच. चार वेगळी दुखणी होती आणि चारही एकाच वाक्यातून बोलत होती. म्हणून आधी ती वेगळी कशी ओळखायची ते सांगतो. व्हॅन असो, शाळेतली इन्व्हर्टरवरची पेटी असो की आणखी काही, हे सगळीकडे लागू आहे.

“पान उघडत नाही” असं कुणी म्हटलं की त्याच्या फोनमध्ये वायफायची यादी बघा. ‘पुस्तकपेटी’ हे नावच दिसत नसेल तर राउटरला वीज नाही, बाकी काही शोधू नका. नाव दिसतं, पण जोडताना ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ इथंच चाक फिरत राहतं, तर राउटरकडचे पत्ते संपलेत. जोडलं जातं, पण एकाच्याही फोनवर पान येत नाही, तर पाय उठलेला नाही. वीज कमी पडते आहे किंवा तो ज्यावरून सुरू होतो ते मेमरी कार्ड बिघडलंय. जोडलं जातं, दहाजणांना पान येतं आणि पाचजणांना येत नाही, तर दोष पेटीत नाही, त्या पाच फोनांत आहे. एवढी चौकशी दोन मिनिटांत होते. मी ती वर्षभर केली नाही, आणि म्हणून कार्डाचा दोष राउटरवर आणि फोनचा दोष बॅटरीवर ढकलत राहिलो.

चावी फिरवली की काय होतं

सगळ्यात छळणारं दुखणं हे. पहिल्या मुक्कामावर पेटी व्यवस्थित चालायची. तिथून निघून पुढच्या वाडीत पोचलो की बंद. गाडी चालू असताना खड्ड्यांनी वायर हलत असेल असं वाटलं, सगळी टोकं पुन्हा कसली. मग वाटलं गाडीची बॅटरी जुनी झाली. वर्गणीच्या पैशातून नवी घातली. पहिल्याच फेरीत पुन्हा तेच.

शेवटी खानापुरात ज्यांच्याकडे गाडीचं वायरिंगचं काम देतो त्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मल्टिमीटर घेतलाच नाही. १२ व्होल्टचा छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एका टोकाला चिमटा, असा त्यांचा टेस्ट लॅम्प असतो, तो काढला. चिमटा बॉडीला लावला, दुसरं टोक लायटरच्या सॉकेटात धरलं. पेटीला वीज त्याच सॉकेटातून जात होती. बल्ब लख्ख पेटला.

“गुरुजी, आता स्टार्ट मारा बघू.”

चावी फिरवली. स्टार्टर घरघरला आणि बल्ब पूर्ण विझला. मंद झाला असं नाही, विझलाच. इंजिन लागलं, चावी सोडली, बल्ब परत पेटला. त्यांनी तीनदा करून दाखवलं.

“बॅटरीचं काही नाही हो. स्टार्ट मारताना चावीच सॉकेटचा करंट तोडते. हेडलाइट-फॅन सगळं सोडून सगळी ताकद स्टार्टरला मिळावी म्हणून बऱ्याच गाड्यांत असंच असतं.”

सेकंद-दीड सेकंदाचा खेळ. साध्या मल्टिमीटरचे आकडे इतक्या झटक्यात स्थिरावत नाहीत, म्हणून मी मीटर लावून बघितलं होतं तेव्हा मला ते दिसलंच नव्हतं. पायला मात्र तो दीड सेकंद म्हणजे कुणी प्लग उपटावा तसा. त्याच क्षणी कार्डावर काही लिहिलं जात असेल तर ते अर्धवट राहतं. तीनदा-चारदा निभावतं, पाचव्यांदा पाय उठतच नाही. कधी लागायची, कधी नाही, याचं उत्तर ते हेच.

गाडीच्या बॅटरीवरून थेट वायर ओढली तर वीज तुटणार नाही, पण तेवढ्यानं काम भागत नाही. स्टार्टर फिरताना चांगल्या बॅटरीचाही दाब १२ वरून ९-१० व्होल्टपर्यंत खाली येतो. पायसाठी १२ चे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर असेल तर तो एवढं सहन करतो. १२ व्होल्टवर चालणारा राउटर मात्र झोपतो आणि पुन्हा जागा व्हायला दीड-दोन मिनिटं घेतो. ज्यांना दुसरी बॅटरी ठेवणं जमणारच नाही त्यांनी राउटरसाठी ९ ते ३६ व्होल्ट घेऊन कायम १२ देणारा कन्व्हर्टर बसवावा. दाब कमी झाला तर वाढवणारा आणि जास्त झाला तर उतरवणारा, असा दोन्ही करणारा हवा. नुसता उतरवणारा चालत नाही.

नौकेवरून आलेली युक्ती

माझा भाचा गोव्यात नौकांवर वीजकाम करतो. गणपतीला घरी आला होता तेव्हा पेटी उघडून त्याच्यासमोर ठेवली. तो म्हणाला, “मामा, ही तर शिडाच्या नौकेचीच अडचण आहे. तुम्ही जमिनीवर आहात एवढाच फरक.”

त्यानं सांगितलेलं मला पटलं, कारण ते तंतोतंत जुळतं. लांबच्या सफरीला निघालेल्या नौकेला किनारा सुटला की इंटरनेट नाही. समुद्रावर पोचणारं उपग्रहाचं नेट महाग, आणि भरवशाचं म्हणावं तर वादळात नेमकं गरज असते तेव्हाच त्याची परीक्षा. म्हणून इंजिनाची माहितीपुस्तकं, औषधोपचाराची पुस्तकं, नकाशे, वाचायला कादंबऱ्या, पोरांचा अभ्यास, हे सगळं नौकेवरच एका छोट्या संगणकात भरून ठेवतात आणि नौकेच्या वायफायवरून सगळे वाचतात. वीज १२ व्होल्टची. आणि तिथंही इंजिन सुरू करताना दाब कोसळतो. त्यावर त्यांचा उपाय जुना आणि ठरलेला आहे: बॅटऱ्या दोन. एक फक्त इंजिन सुरू करायला, दुसरी घरातल्या वापराला. तिला ते हाउस बॅटरीच म्हणतात. दोन्हींच्या मध्ये एक रिले, म्हणजे आपोआप जोडणारी-तोडणारी कळ, असतो. इंजिन लागून चार्जिंग सुरू झालं, दाब १३.३ व्होल्टच्या आसपास चढला की तो दोघींना जोडतो, १२.८ च्या आसपास उतरला की तोडतो. त्यामुळे घरातल्या बॅटरीनं कितीही खाल्लं तरी इंजिनाची बॅटरी शाबूत राहते. भर समुद्रात इंजिन लागलं नाही तर जिवावर बेतेल, म्हणून तिथं हा नियम कुणी मोडत नाही.

आमच्यासाठी मी त्याहून साधं केलं. पेटीचा आणि गाडीचा संबंधच तोडला. पेटीला स्वतःची १२ व्होल्ट १८ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी, यूपीएसच्या दुकानात मिळते ती. रात्री घरी चार्जरवर लावायची, सकाळी बेल्टनं बाकाखाली आवळून बसवायची. चार्जर सीलबंद बॅटरीचाच हवा. हिशेब असा: पाय आणि एसएसडी मिळून साधारण ६ वॅट, राउटर ५ वॅट, कन्व्हर्टरची गळती धरून १२ व्होल्टवर १ अँपिअर. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणजे हातात ९ अँपिअर-अवर, म्हणजे ९ तास. आमची फेरी ५ तासांची. रिले लावला असता तर गाडीवरच चार्ज झाली असती हे खरं, पण एवढ्या लहान बॅटरीत आल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राचा, करंट बेसुमार घुसू नये म्हणून मध्ये वेगळा चार्जर घालावा लागला असता. जितकी जोडणी कमी तितका बिघाड कमी, हे माझं मत. दिवसाला ५ तासांच्या फेरीला एवढं पुरतं. आठवडाभर घराबाहेर राहणाऱ्यानं मात्र नौकेचीच पद्धत घ्यावी.

भाच्यानं दोन गोष्टी मात्र हट्टानं करून घेतल्या. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच. नौकांसाठी ७ इंच, म्हणजे १८ सेंटिमीटर, असा दंडक आहे. कारण फ्यूज दूर असेल तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर घासून उघडी पडली की तिला वाचवणारं कुणी नाही. आम्ही ५ अँपिअरचा फ्यूज घातला. दुसरं, बॅटरीवर एक छोटा व्होल्ट दाखवणारा मीटर. पूर्ण भरलेली, काही वेळ शांत ठेवलेली बॅटरी १२.७ दाखवते, अर्धी झालेली १२.२. पेटी चालू असताना १२.२ आलं की मी वाचन आटोपतं घेतो.

ज्यांची पेटी एका जागी, शाळेत किंवा वाचनालयात इन्व्हर्टरवर आहे, त्यांनी लाइट जाते त्या क्षणी पेटीकडे लक्ष ठेवावं. लाइट जाताना पेटी पुन्हा सुरू होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागं एक कळ असते, ती ‘यूपीएस’वर आहे का बघा. दुसऱ्या बाजूला असेल तर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला जास्त वेळ घेतो. पंख्याला चालतं, संगणकाला चालत नाही.

दहा पोरांना चालते, तीसांना नाही

स्वतंत्र बॅटरी आली तरी एक गोष्ट उरली. पोरं थोडी असली की पेटी चालायची. शाळा सुटून सगळी एकदम आली की पाय अडखळायचा, कधी बंदही पडायचा. एवढा भार त्याला झेपत नसेल असं वाटून मी महागडा संगणक घेण्याच्या विचारात होतो.

पायवर एक लाल दिवा असतो. तो विजेचा. आत येणारा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो विझतो, आणि पडदा जोडलेला असेल तर कोपऱ्यात विजेची खूण येते. एका दुपारी पेटीचं झाकण उघडं टाकून मी नुसता त्या दिव्याकडे बघत बसलो. आठ-दहा फोन होते तोवर स्थिर. सगळ्यांनी एकदम चित्रांचं पान उघडलं तसा तो लुकलुकला. पडदा नसेल तर टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘vcgencmd get_throttled’ ही आज्ञा द्या, सगळी अक्षरं लहान. ‘०एक्स०’ आलं तर सुरू झाल्यापासून वीज कधीच कमी पडलेली नाही. ‘०एक्स५००००’ म्हणजे मध्ये कधीतरी पडली होती. ‘०एक्स५०००५’ म्हणजे आत्ता या क्षणी कमी आहे.

कारण होतं एक ३ मीटरची यूएसबी केबल. ५ व्होल्टचा कन्व्हर्टर बॅटरीजवळ होता, पाय मागच्या दाराजवळ, आणि मध्ये ती बारीक केबल. हिशेब करून बघू. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१७५ ओहम. त्या केबलमधली तार ०.२ चौरस मिलिमीटर, म्हणजे पाचपट रोध, मीटरला ०.०८७५. वीज जाते तशी परतही येते, म्हणून ३ मीटर नव्हे, ६ मीटर धरायचं: ०.५२५ ओहम. पाय निवांत असताना ०.६ अँपिअर घेतो, केबलमध्ये ०.३ व्होल्ट जातात, ५.१ मधले ४.८ उरतात, काम चालतं. भार आला की १.२ अँपिअर, केबल ०.६३ खाते, उरतात ४.४७. लाल दिवा गेला.

उपाय पैशाचा नाही, जागेचा. दूर न्यायची ती १२ व्होल्टची वीज, आणि ५ व्होल्ट करायचे ते पायच्या अगदी शेजारी. तेवढीच शक्ती १२ व्होल्टवर नेताना करंट निम्म्याहून कमी लागतो, म्हणजे वाटेत गळणारा दाबही तेवढाच कमी. आणि थोडा गळला तरी कन्व्हर्टरला फरक पडत नाही, तो ११ व्होल्टवरूनही ५ करतो. आम्ही १.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढली, पायला जोडणारी केबल वीतभर ठेवली. त्या दिवसापासून ती आज्ञा ‘०एक्स०’ सांगते. महागडा संगणक घ्यावा लागला नाही.

मोजायचं असेल तर नेहमी पायच्या तोंडाशी मोजा, आणि सगळी पोरं वाचत असताना मोजा. बॅटरीवर मोजलेला आकडा बॅटरीची तब्येत सांगतो, पायपर्यंत काय पोचतं ते सांगत नाही. नौकेवर महत्त्वाच्या जोडण्यांसाठी वाटेतली गळती ३ टक्क्यांच्या आत ठेवतात, १२ व्होल्टवर ०.३६ व्होल्ट. तेवढं माप डोक्यात ठेवलं तरी पुष्कळ.

कार्ड

ज्या कार्डानं वर्षभर असे झटके खाल्ले ते बदलाच. वरून चांगलं दिसतं, आतून काय राहिलंय सांगता येत नाही. नवं घेताना त्यावर लिहिलेली क्षमता खरी आहे का हे ‘एफ३’ किंवा ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ या मोफत साधनांनी तपासून घ्या. ६४ जीबी लिहिलेली आणि आत निम्मीही नसलेली कार्डं बाजारात सर्रास असतात.

मग कार्डावर लिहिणंच थांबवा. पायच्या ‘रास्पी-कॉन्फिग’ या सेटिंगच्या यादीमध्ये परफॉर्मन्स ऑप्शन्सखाली ‘ओव्हरले फाइल सिस्टम’ आहे, ती चालू केली की कार्ड फक्त वाचलं जातं आणि जे काही लिहायचं ते तात्पुरतं मेमरीत जातं. वीज कशीही गेली तरी कार्ड होतं तसंच राहतं. एक लक्षात ठेवा: ते चालू असताना केलेला कुठलाही बदल बंद केल्यावर पुसला जातो. मी एकदा संपूर्ण संध्याकाळ पुस्तकांची यादी नीट लावली आणि सकाळी ती जुनीच दिसली. पुस्तकं भरण्याआधी ओव्हरले बंद, भरून झाल्यावर चालू.

पुस्तकं एसएसडीवर वेगळी. पेन ड्राइव्ह वापरत असाल तर तो ‘फॅट३२’मध्ये फॉरमॅट केलेला नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि किविक्सच्या मोठ्या झिम फाइली त्याच्या कितीतरी पुढं जातात. कॉपी अर्ध्यात तुटते आणि दोष फाइलवर जातो.

बंद करायला पेटीबाहेर एक कळ काढा. पायमध्ये त्यासाठीची सोय आहेच, ‘dtoverlay=gpio-shutdown’ ही ओळ कॉन्फिग फाइलीत घातली की ५ आणि ६ क्रमांकाच्या पिनांमध्ये जोडलेली कळ दाबल्यावर तो नीट आवरून झोपतो, पुन्हा दाबली की उठतो. पण तुम्ही घड्याळाचं मॉड्यूल लावलं असेल तर तेही त्याच ५ नंबरवर बसतं. दोन्ही भांडतात. अशा वेळी कळीसाठी दुसरी पिन निवडा.

घड्याळ लागतंच. पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नाही, इंटरनेट नसलेल्या वाडीत तो मागच्या वेळेवरूनच पुढं मोजायला लागतो. कोणतं पुस्तक कधी वाचलं गेलं याची नोंद ठेवत असाल तर ती सगळी चुकते. ‘डीएस३२३१’चं छोटं मॉड्यूल बटण-सेलवर वर्षानुवर्षं वेळ धरून ठेवतं.

रेंज असलेल्या गावातच पान उघडत नाही

हे कोडं मला सर्वांत जास्त दिवस पुरलं. जिथं रेंज नाही अशा रानातल्या वाडीत पेटी झकास चालायची. जांबोटीत, जिथं रेंज आहे, तिथं निम्म्या पोरांना पान दिसायचं नाही. बाकी सगळ्या गोष्टी त्याच.

अँड्रॉइड फोन नव्या वायफायला जोडला की गुपचूप एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन इंटरनेट आहे का ते विचारून येतो. आपल्या पेटीला इंटरनेट नाही, त्यामुळे उत्तर येत नाही. मग फोन ठरवतो की हे वायफाय कामाचं नाही, आणि मोबाइल डेटा चालू असेल तर तिकडे वळतो. वायफायची खूण दिसत राहते, पण पान शोधायला तो इंटरनेटवर गेलेला असतो, आणि तिथं आपली पेटी कुठून सापडणार? रानातल्या वाडीत डेटाच नसतो, त्याला जायला दुसरी वाट नाही, म्हणून तो मुकाट्यानं पेटीकडेच येतो.

उपाय साधा आहे, पण प्रत्येक फोनवर करावा लागतो. जोडल्यावर ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहायचं का’ अशी सूचना येते. तिला ‘हो’ म्हणायचं आणि ‘पुन्हा विचारू नका’वर खूण करायची. सूचना निसटली तर वाचेपर्यंत मोबाइल डेटा बंद. मोठ्या वर्गातल्या दोन पोरींना हे एकदा दाखवलं, आता त्याच रांगेत फिरून बाकीच्यांचे फोन लावून देतात.

फोनला पेटीकडूनच खोटं ‘हो, इंटरनेट आहे’ असं उत्तर द्यायची युक्ती काहीजण सांगतात. मी करून बघितली. नवे अँड्रॉइड दोन प्रकारे विचारतात, त्यातला सुरक्षित प्रकार आपल्याला नक्कल करता येत नाही, आणि मग फोन ‘कनेक्शन अपुरं आहे’ म्हणतो. तिच्यात वेळ घालवू नका.

पत्त्याला नाव देण्याच्या मोहातही पडू नका. ‘पुस्तकपेटी.लोकल’सारखं नाव काही फोन ओळखतात, काही नाही. आणि ज्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला कुणी ठरावीक नाव घालून ठेवलंय तिथं तर राउटरनं दिलेलं स्थानिक नाव चालत नाही. पायला राउटरमध्ये कायमचा पत्ता बांधून द्या, आमचा १९२.१६८.८.२ आहे, आणि त्याचा क्यूआर कोड छापून पेटीवर आणि गाडीच्या काचेवर चिकटवा. हातानं टाकायचा झाला तर आकडे इंग्रजी.

आणि दुरुस्तीनंतर आलेलं नवं दुखणं

सगळं जागेवर बसलं. पेटी सकाळी लावली की फेरी संपेपर्यंत चालू. आणि मग चौथ्या मुक्कामावर पोरांचे फोन जोडलेच जाईनात. ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’, आणि तिथंच. पहिल्या तीन ठिकाणी एकही तक्रार नाही.

आधी गाडी सुरू केली की राउटरही बंद होऊन नव्यानं उठायचा आणि मागच्या गावाची सगळी यादी विसरायचा. आता तो विसरत नव्हता. त्याच्याकडे वाटायला पत्ते ५०, प्रत्येक पत्त्याची मुदत २४ तास. पहिल्या गावातले २०, दुसऱ्यातले १५, तिसऱ्यातले १५ फोन, झाले ५०. ते फोन कधीच घरी गेले होते, पण त्यांचे पत्ते त्यांच्याच नावावर. चौथ्या गावाला द्यायला काही उरलं नव्हतं.

राउटरच्या ‘डीएचसीपी’ पानावर मुदत १ तास केली आणि पत्ते १०० पासून २४९ पर्यंत, म्हणजे १५० मोकळे केले. पायचा २ हा त्या यादीबाहेर आहे, तो बाहेरच असायला हवा, नाहीतर एखाद्या दिवशी राउटर तोच पत्ता कुणाच्या तरी फोनला देऊन बसेल. तिथंच असताना वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर आणि चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी एकावर ठेवा. गावातले जुने फोन ५ गिगाहर्ट्झ ओळखत नाहीत, आणि पटांगणाच्या पलीकडच्या ओट्यावर बसलेल्या पोरापर्यंत २.४ जास्त चांगलं पोचतं. पायच्या स्वतःच्या वायफायवर सगळा वर्ग बसवू नका, तो मोजकेच फोन सांभाळतो. म्हणूनच वेगळा राउटर.

उरलं हवामान. एप्रिल-मे मध्ये काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पेटी चालू ठेवू नका. पाय ८० अंशांच्या पुढं गेला की स्वतःच वेग कमी करतो आणि पानं रेंगाळायला लागतात. पावसाळ्यात उलटं. कणकुंबीच्या बाजूचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. जुलैमध्ये पेटीतल्या पितळी टोकांवर हिरवा गंज चढतो, तिथं रोध वाढतो आणि मघाचा केबलचा हिशेब पुन्हा सुरू होतो. महिन्यातून एकदा टोकं बारीक पॉलिश पेपरनं घासून वर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवतो, आणि पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. पुड्या दर पंधरा दिवसांनी चुलीच्या उबेला सुकवून परत.

गाडीच्या कप्प्यात एक जास्तीचं कार्ड ठेवलंय, चालू कार्डाची हुबेहूब नक्कल, पाकिटावर नक्कल केल्याची तारीख. गेल्या खेपेला कळ न दाबताच कुणीतरी बॅटरीची वायर उपटली तेव्हा ते काढायची पाळी येईल असं वाटलं होतं. आली नाही. वायर परत लावली, लाल दिवा लागला, हिरवा लुकलुकला, आणि दोन-तीन मिनिटांत ओट्यावरून आवाज आला, “गुरुजी, आलं पान.”